डावं पुढचं चाक

कोड आला : सी शून्य शून्य पस्तीस.
डावं पुढचं चाक.
एवढं सांगून स्कॅनर गप्प,
गल्लीतल्या शहाण्या माणसासारखा :
घर दाखवतो,
चोर तुमचा तुम्ही शोधा.

पलूसच्या बाहेर, ताकारीच्या रस्त्याला माझं गॅरेज.
ऐनापुरे बाईंची राखाडी गाडी तिसऱ्यांदा दारात.
बाई फाउंड्रीत कास्टिंग तपासतात,
भोक अर्ध्या सुतानं हुकलं तरी माल परत.
पहिल्यांदा आल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या,
"बेअरिंग तुम्ही बदललंत, त्याच संध्याकाळी एबीएसचा दिवा लागला."
मी म्हणालो, योगायोग. सेन्सर गेलाय.
नवा सेन्सर घातला, अठराशे घेतले,
कोड पुसला.
पुसलेला कोड म्हणजे सारवून बुजवलेली भेग,
आमणापूरच्या पुलापर्यंत टिकली.

दुसऱ्यांदा वायर.
स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं,
जमीर शिकलगार खाली उताणा, वायरीवर बोट धरून :
"कुठंच तुटल्यागत लागंना, मास्तर."
मीटर लावला. व्होल्ट येतायत, पुरेसे.
प्लगमध्ये हिरवा गंज नाही, पाण्याचा थेंब नाही.
तरी मी दोन इंच वायर कापून नवी जोडली,
कारण काहीतरी केल्याशिवाय
पैसे मागता येत नाहीत.

आज जमीरला शेजारी बसवलं, मांडीवर स्कॅनर.
पुढं उसाची ट्रॉली, मागं आम्ही,
वीसच्या वेगानं.
"वाच."
"उजवं पुढचं वीस. मागची वीस, एकोणीस.
डावं पुढचं शून्य."
"नीट बघ."
"शून्यच हाय. ह्ये चाक म्हणतंय, मी घरातच हाय."

चारी चाकं एकाच रस्त्यानं आलेली
आणि एकटं शपथेवर सांगतं, मी हललोच नाही.

हब खोलला.
फळीवर त्याच मापाचं दुसरं बेअरिंग होतं, खोक्यात.
बाईंनी ते उचललं, उलटंपालटं केलं.
"दोन्ही बाजू सारख्याच?"
"काळं रबर. सारख्याच."
त्या काही बोलल्या नाहीत.
गाडीतल्या पायपुसणीवरून चिमूटभर काळा भुगा आणला,
ग्राइंडिंगचा, बुटाला चिकटून रोज घरी जाणारा,
आणि भुरभुरला रबरावर.
एका बाजूनं तो घरंगळून गेला.
दुसऱ्या बाजूवर
उभा राहिला.
रेघा रेघा, बारीक, फणीच्या दातांसारख्या,
सबंध गोल फिरलेल्या.

जमीर मोजायला बसला. चाळिशीच्या पुढं चुकला,
परत पहिल्यापासून.

मला मोजायची गरज नव्हती.
तो बुधवार आठवला, लाइट गेलेली,
मोबाईलची बॅटरी दातांत धरून
मी प्रेसखाली बेअरिंग दाबलं होतं,
बाजू न बघता.
रेघा रस्त्याकडं, कोरी बाजू सेन्सरकडं.
तो बिचारा महिनाभर भिंतीकडं तोंड करून
चाक मोजत बसलेला.

"आमच्यात," बाई म्हणाल्या,
"चुकलेल्या पीसवर लाल रंगाचा ठिपका देतात.
आणि तो झाकून ठेवत नाहीत."
मी गल्ला उघडला.
अठराशे. वायरीचे तीनशे. बेअरिंगचे
घ्यायचे की नाही यावर थोडा वेळ गेला.
मजुरी सोडली. पार्टचे त्यांनीच ठेवले, फळीवर, सुट्टे.

संध्याकाळी पुलाच्या पलीकडंपर्यंत गेलो.
वीस, वीस, वीस, वीस,
जमीर पाढा म्हटल्यागत वाचत होता,
चाळीसला गेल्यावर दमला.
चावी दिली की दिवा पेटतो, तीन सेकंद,
आणि विझतो.
विझला.

परत आल्यावर जमीरनं भंगाराचा डबा ढवळला
नि जुना सेन्सर काढून माझ्यापुढं धरला.
"मास्तर, मग ह्यो चांगलाच हुता की."

मी तो घेतला, चिंधीनं पुसला.
नव्या मालाच्या फळीवर ठेवायला हात होईना,
डब्यात परत टाकवेना.
आता तो पान्यांच्या खणात असतो,
खण उघडला की आधी तोच हाताला लागतो.